चिमणीनं दार उघडायला इतका वेळ का लावला? मुलांना जुन्या गोष्टींना प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजे नेमकं काय?

कावळ्याचं घर होतं शेणाचं, चिमणीचं घर होतं मेणाचं. मोठ्ठा पाऊस आला आणि कावळ्याचं घर वाहून गेलं. भिजलेला कावळा चिमणीच्या दारात आला. चिमणी आतून सांगत राहिली की थांब, बाळाला न्हाऊ घालतेय, थांब, बाळाला तीट लावतेय. कावळा बाहेर कुडकुडत उभा राहिला.

मराठी घरात वाढलेल्या जवळपास प्रत्येकाला ही गोष्ट माहीत आहे. त्यातून काय शिकायचं, हेही आपल्याला न सांगता कळलेलं असतं. चिमणी शहाणी, नीटनेटकी. कावळा आळशी, वेंधळा.

पण गोष्टीत कावळा आळशी असल्याचं कुठे म्हटलंय? त्याचं घर शेणाचं होतं, एवढंच आपल्याला सांगितलं जातं. ज्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घरं शेणाने सारवली गेली, तिथे शेणाचं घर हा आळसाचा पुरावा कधीपासून झाला? आणि दारात कोणी भिजत उभं असताना बाळाची तीट थांबू शकली नसती का?

हे प्रश्न तिसरीतल्या एखाद्या मुलीने वर्गात विचारले तर काय होईल? "गप्प बस, गोष्ट ऐक" असं उत्तर मिळेल, की "मग तू सांग, कावळ्याने ही गोष्ट कशी सांगितली असती?" असं?

दुसरं उत्तर देणाऱ्या शिक्षणपद्धतीबद्दल हा लेख आहे.

ही पद्धत आहे तरी काय?

थोडक्यात सांगायचं तर तीन पायऱ्या. पहिली, मूळ गोष्ट नीट ऐकायची किंवा वाचायची. दुसरी, तिला प्रश्न विचारायचे. तिसरी, त्या प्रश्नांच्या आधारे गोष्ट नव्याने लिहायची.

यात पहिली पायरी सर्वात महत्त्वाची आहे. ज्याला मूळ गोष्टच माहीत नाही, त्याला ती बदलता येत नाही. त्यामुळे 'जुन्या गोष्टी फेकून द्या' असं ही पद्धत म्हणत नाही. उलट जुनी गोष्ट इतकी बारकाईने वाचायला लावते, जितकी आपण एरवी कधीच वाचत नाही.

इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी 1973 मध्ये 'कल्पनेचं व्याकरण' या अर्थाच्या शीर्षकाचं पुस्तक लिहिलं. शिक्षकांसाठीच्या या पुस्तकात अनेक खेळ आहेत. गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायची आणि मुलांना ती दुरुस्त करू द्यायची. गोष्ट संपल्यावर पुढे काय झालं, ते विचारायचं. लाल टोपीवालीच्या गोष्टीत अचानक हेलिकॉप्टर आणायचं आणि मुलं काय करतात ते बघायचं.

अमेरिकेत परीकथांचे अभ्यासक जॅक झाइप्स यांनी मिनियापोलिसमधल्या बालनाट्यसंस्थेसोबत 1997 मध्ये सरकारी शाळांसाठी असाच उपक्रम सुरू केला. मुलं आधी गोष्ट ऐकायची, मग तिच्या उलट बाजूची दुसरी गोष्ट ऐकायची, मग स्वतःची लिहायची आणि शेवटी तिचं नाटक करायची.

पण गोष्टी बदलायच्या कशाला? त्या 'अस्सल' आहेत ना?

इथे एक गंमत आहे. ज्यांना आपण अस्सल समजतो, त्या गोष्टी कधीच एका रूपात नव्हत्या.

फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी 1697 मध्ये लाल टोपीवालीची गोष्ट छापली. त्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. लाकूडतोड्या किंवा शिकारी तिला वाचवायला येतच नाही. ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये जर्मनीत आपला संग्रह काढला, तेव्हा त्यांच्या गोष्टीत शिकारी आला आणि मुलगी वाचली.

याच ग्रिम बंधूंच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा छळ करणारी बाई तिची सख्खी आई होती. 1819 च्या दुसऱ्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. आईच इतकी दुष्ट असणं वाचकांना पचणार नाही, म्हणून हा बदल झाला असं अभ्यासक मानतात. म्हणजे जगभरातल्या मुलांच्या मनातली 'दुष्ट सावत्र आई' काही अंशी संपादकाच्या टेबलावर घडलेली आहे. सावत्र आईसोबत वाढणाऱ्या मुलाला हे माहीत असणं किती महत्त्वाचं आहे, याचा विचार करून बघा.

चिऊ-काऊचंही तेच. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींनी सांगितलेली या गोष्टीची एक आवृत्ती सापडते. तिथपासून आपल्या आजीपर्यंत येताना ही गोष्ट किती तोंडांतून गेली असेल? शेवट आजही घराघरात वेगळा आहे. कुठे कावळ्याला चुलीपाशी ऊब मिळते, कुठे तो तव्यावर बसून भाजतो.

तोंडी सांगितली जाणारी गोष्ट प्रत्येक सांगणारा थोडी बदलतोच. ती पुस्तकात छापली गेली, तेव्हा तिचं एकच रूप पक्कं झालं.

हे परदेशी फॅड आहे का?

नाही. जुन्या कथेला उलटा प्रश्न विचारण्याची परंपरा महाराष्ट्रात चांगली दीडशे-पावणेदोनशे वर्षं जुनी आहे, आणि तिची सुरुवात करणाऱ्यांमध्ये एक विद्यार्थिनी आहे.

मुक्ता साळवे ही पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुलगी. वय साधारण 14. 1855 मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार काही लोकांनाच असेल, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. मोठ्यांनी सांगितलेल्या कथनात आपल्याला जागाच नाही, हे एका शाळकरी मुलीने ओळखलं आणि लिहून काढलं.

1873 मध्ये महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. बटू वामनाने बळीला पाताळात गाडलं, ही कथा आपण देवाच्या बाजूने ऐकत आलो. फुल्यांनी ती बळीच्या बाजूने मांडली. त्यांच्या मांडणीत बळी हा न्यायी राजा आहे आणि त्याच्यासोबत कपट झालं आहे. पुस्तकाची रचनाही बघण्यासारखी आहे. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. म्हणजे तो एक वर्गच आहे. फुल्यांची मांडणी इतिहास म्हणून किती धरायची, यावर वाद होऊ शकतो. पण शेतकऱ्याच्या घरात बळीचं राज्य यावं म्हणून आजही दिवाळीत ओवाळतात. मग ज्याला 'गाडला' त्याचंच राज्य लोक का मागतात, हा प्रश्न कोणत्याही मुलाला पडू शकतो.

1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सावित्रीने यमाकडून नवऱ्याचे प्राण परत आणले, हे सगळे सांगतात. पण बायकोचे प्राण परत आणायला यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा कोणी ऐकलाय का, असा त्यांचा रोकडा मुद्दा होता. कथा तीच ठेवून पात्रांची अदलाबदल करायची. आज जगभरातल्या वर्गांत जो व्यायाम दिला जातो, तो हाच आहे.

आणि ज्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी हे काम जात्यावर केलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुणे जिल्ह्यातल्या गावांपासून सुरू झालेला हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. त्यातल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्यांमध्ये रामापेक्षा सीता मोठी आहे. तिचं दुःख गाणारी बाई त्यात स्वतःचंही सासर गात असते.

मग शाळेत हे का दिसत नाही?

कारण शाळेत गोष्टीसोबत 'तात्पर्य' येतं.

1828 च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या. छापील बालसाहित्याची ही सुरुवातीची पुस्तकं. गोष्ट सांगायची आणि शेवटी बोध द्यायचा, हा साचा तेव्हापासून शालेय पुस्तकांत घट्ट बसला.

आजही दहावीच्या मराठी कुमारभारतीत उपयोजित लेखनामध्ये कथालेखन आहे. मुद्दे देतात, किंवा अर्धी गोष्ट देऊन ती पूर्ण करायला सांगतात. खरं तर यात मुलांना मोकळं रान आहे. अर्धी गोष्ट पूर्ण करणं म्हणजे शेवट आपल्या हातात असणं. पण मार्कांच्या धास्तीने बरीच मुलं गाइडमधला तयार शेवट आणि तयार तात्पर्य पाठ करून जातात.

बदल अजिबात झाले नाहीत असं मात्र नाही. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली. आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडताना दिसू लागले. डॉक्टर म्हणून बाई आणि स्वयंपाक करणारा पुरुष दिसू लागला. त्यावर बरीच चर्चाही झाली. पण चित्र मोठ्यांनी बदललं होतं. जुन्या चित्रात काय खटकतं, हे मुलांना शोधायला लावणं ही पुढची पायरी आहे.

अवसरी बुद्रुकमध्ये 'लांडगा' कोण?

आता एक गोष्ट घेऊन बघूया. 'लांडगा आला रे आला'. मेंढरं राखणारा पोरगा दोनदा खोटी हाक मारतो, गावकरी धावत येतात आणि फसतात. तिसऱ्यांदा लांडगा खरंच येतो, पण कोणी येत नाही. तात्पर्य, खोटं बोलू नये.

ही गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळच्या अवसरी बुद्रुकमध्ये सांगितली, तर तिचा अर्थ वेगळाच होतो. जुन्नर वनविभागात येणाऱ्या जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांमध्ये बिबट्या हा गोष्टीतला प्राणी राहिलेला नाही. कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला उसात लपायला जागा मिळाली. मादी उसातच पिल्लं देते. तोडणीच्या हंगामात मजुरांना ती सापडतात. जखमी किंवा पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांचे जीव गेले आहेत.

अशा गावातल्या चौथी-पाचवीच्या वर्गात ही गोष्ट घेतली, तर कोणते प्रश्न विचारता येतील?

एक, इतक्या लहान पोराला रानात एकटं कोणी पाठवलं? गोष्टीत त्या मोठ्या माणसाचा उल्लेखच नाही.

दोन, पोराने खोटी हाक का मारली? कंटाळा आला होता, की भीती वाटत होती आणि कोणीतरी यावं असं वाटत होतं?

तीन, तिसऱ्या हाकेला गावाने निदान एक माणूस बघायला पाठवला असता तर?

चार, शिक्षा कोणाला झाली? खोटं बोलला पोरगा, मेली मेंढरं.

तिसरा प्रश्न सगळ्यात जड आहे. आपण ही गोष्ट मुलांना सांगतो, तेव्हा 'खोटं बोलू नको' याच्या जोडीला आणखी एक गोष्ट नकळत सांगतो. तुझ्यावर एकदा अविश्वास बसला की तुझ्या खऱ्या हाकेलाही आम्ही येणार नाही. जिथे अंधार पडल्यावर उसाच्या कडेला काहीतरी हललं तर मुलाने लगेच ओरडायला हवं, तिथे हा दुसरा धडा घातक आहे. 'नसेल काही, उगाच हसतील सगळे' म्हणून गप्प राहिलेलं मूल खोटी हाक मारणाऱ्या मुलापेक्षा जास्त धोक्यात असतं.

म्हणजे मूळ तात्पर्य चुकीचं आहे का? तसंही नाही. कुठला तरी जुना व्हिडिओ 'आपल्या गावात बिबट्या' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो, लोक घाबरतात, वनखात्याची माणसं धावपळ करतात आणि पुढच्या खऱ्या मेसेजवर कोणी विश्वास ठेवत नाही. ही आजची 'लांडगा आला रे आला'च आहे. मुलं नव्याने गोष्ट लिहितील तेव्हा मोबाइलवर फॉरवर्ड करणारे मोठेही त्यात येऊ शकतात.

आणि नवा शेवट? गाव असा नियम करू शकतं की हाक खोटी निघाली तर नंतर समज द्यायची, पण हाकेला प्रत्येक वेळी जायचं. पोरासोबत दुसरा जोडीदार पाठवायचा. वनखातंही हेच सांगतं की अशा भागात एकट्याने जाऊ नये, गटाने जावं, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावत जावं. गोष्टीचा नवा शेवट आणि गावाची खरी गरज इथे एकत्र येतात.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. गोष्ट बदलायची म्हणून लांडग्याला किंवा बिबट्याला गोंडस मित्र करून टाकणं सोपं आहे. शहरातल्या वर्गात ते खपून जाईल. अवसरीच्या परिसरात, जिथे घराबाहेरचा दिवा लावून कुत्र्याच्या भुंकण्याकडे कान द्यावा लागतो, तिथे ती गोष्ट खोटी ठरेल. बिबट्याच्या मादीच्या बाजूने गोष्ट लिहिता येते. ऊस तोडला जातोय आणि तिची पिल्लं तिथे आहेत, हे तिचंही संकट आहे. पण तिच्या बाजूने लिहिताना ती धोकादायक आहे, हे पुसून चालत नाही.

नुसती 'नवी' गोष्ट सांगितली तर भागतं का?

याचं उत्तर ऑस्ट्रेलियातून मिळतं. ब्रॉन्विन डेव्हिस या संशोधिकेने बालवाडीच्या वयाच्या मुलांना स्त्रीवादी म्हणाव्यात अशा परीकथा वाचून दाखवल्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1989 मध्ये आलं. त्यातली एक गोष्ट होती रॉबर्ट मन्श यांची कागदी पिशवीतली राजकन्या. ड्रॅगन राजकन्येचे कपडे जाळतो आणि राजपुत्राला पळवतो. ती कागदी पिशवी अंगावर चढवते, ड्रॅगनला युक्तीने दमवते आणि राजपुत्राला सोडवते. राजपुत्र म्हणतो, आधी नीट कपडे घालून ये. ती त्याला सोडून आनंदात निघून जाते.

मोठ्यांना या गोष्टीचा अर्थ लगेच कळतो. मुलांपैकी अनेकांना मात्र राजपुत्राचंच बरोबर वाटलं. राजकन्या मळकी होती, तिने आधी आवरून यायला हवं होतं. नवी गोष्टसुद्धा त्यांनी जुन्याच चष्म्यातून वाचली.

म्हणून मोठ्यांनी सुधारून दिलेली गोष्ट आणि मुलांनी प्रश्न विचारून स्वतः बदललेली गोष्ट, यात फरक आहे. 2023 मध्ये रोआल्ड डाल यांच्या पुस्तकांतले शब्द प्रकाशकांनी बदलले, तेव्हा जगभर टीका झाली आणि जुन्या मजकुराची पुस्तकंही बाजारात ठेवू, असं प्रकाशकांना जाहीर करावं लागलं. तिथे बदल वाचकाच्या पाठीमागे झाला होता. वर्गात तो मुलांच्या हातून होतो आणि मूळ गोष्ट शेजारीच असते.

वर्गात दोन तासिकांमध्ये हे कसं करायचं?

पहिल्या तासिकेत मूळ गोष्ट पूर्ण सांगायची. मध्ये थांबायचं नाही. तात्पर्य सांगायचं नाही. मग फळ्यावर पाच प्रश्न लिहायचे.

1. ही गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली आहे?
2. कोण बोलतं आणि कोणाला एकही वाक्य नाही?
3. बक्षीस कोणाला, शिक्षा कोणाला, आणि ती रास्त आहे का?
4. कोणती गोष्ट आपण गृहीत धरली, जी गोष्टीत लिहिलेलीच नाही?
5. एकच गोष्ट बदलायची असेल तर काय बदलाल?

दुसऱ्या तासिकेत मुलं चार-चारच्या गटात गोष्ट नव्याने लिहितात. अट एकच, बदल एकच करायचा. सांगणारा बदला, किंवा शेवट बदला, किंवा गाव बदला. सगळंच बदललं तर ती वेगळी गोष्ट होते आणि तुलना करता येत नाही. शेवटी दोन गटांनी आपापली गोष्ट वाचायची आणि बाकीच्यांनी त्यांनाही तेच पाच प्रश्न विचारायचे. शिक्षकांच्या आवडत्या आवृत्तीलाही त्यातून सूट नाही.

प्रश्न विचारल्यावर जुनी गोष्ट दर वेळी वाईटच ठरते, असंही नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी आठवा. वाघ-कोल्हे वाटेत अडवतात, ती त्यांना युक्तीने थोपवते आणि परतताना भोपळ्यात बसून निसटते. ही म्हातारी कोणत्याही राजपुत्राची वाट बघत नाही. तिला विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे. अंगाला मांस लागायला तिला लेकीच्या घरी का जावं लागतं? स्वतःच्या घरी ती उपाशी का आहे?

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप, मुलांचं निरागसपण जाईल. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी 1976 मध्ये मांडलं होतं की परीकथांतली भीती आणि क्रौर्य मुलांना स्वतःच्या मनातल्या भीतीशी झगडायला मदत करतं. त्यांच्या काही मतांवर पुढे टीका झाली, पण हा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. म्हणूनच मूळ गोष्ट आधी पूर्ण सांगायची. अगदी लहान मुलांना ती तशीच ऐकू द्यावी. प्रश्न ते स्वतःच विचारू लागतात, तेव्हा ते दाबायचे नाहीत.

दुसरा आक्षेप, धार्मिक भावना दुखावतील. ही भीती शिक्षकांना खरीच असते. सुरुवात लोककथा, इसाप आणि पंचतंत्रापासून करता येते. चिमणी, कोल्हा, कासव यांच्या गोष्टींत तेच प्रश्न शिकता येतात.

तिसरा आक्षेप, वेळ कुठे आहे? दहावीचं कथालेखन अभ्यासक्रमातच आहे. स्वतः विचार करून शेवट लिहिण्याची सवय झालेल्या मुलाला गाइडमधला शेवट पाठ करावा लागत नाही.

घरी काय करता येईल?

आज रात्री मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न एकदा गाळून बघा. त्याऐवजी विचारा, 'तुला यातलं काय पटलं नाही?' उत्तर आलं तर ते लिहून ठेवा. प्रथम बुक्सच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर' या मोफत संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत. त्यांचा परवानाच असा आहे की मूळ लेखकाचं नाव देऊन कोणीही त्या बदलून नव्याने लिहू शकतं.

आणि मुलाने विचारलंच की चिमणीने दार उघडायला इतका वेळ का लावला, तर घाईने उत्तर देऊ नका. बाळाला सांभाळणारी चिमणी घरात एकटीच होती, तिचा चिमणा कुठे गेला होता, हाही प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.